जाहिरातीतलं वय खोडायचं, पण त्या जागी लिहायचं काय?

परवा नारायण पेठेतल्या एका ओळखीच्या टॅक्स कन्सल्टंटने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरातीचा मसुदा पाठवला, खाली एक ओळ, "ताई, जरा नजर टाका ना, उद्या द्यायचीय." मसुदा असा होता: अकाउंटंट पाहिजे, वय २२ ते ३०, तरुण व चुणचुणीत, टॅली येणे आवश्यक, पगार योग्यतेनुसार, बायोडेटा व फोटोसह समक्ष भेटा. पुण्यात अशी जाहिरात तुम्ही हजार वेळा वाचली असेल, पेपरात, दुकानाच्या काचेवर, चहाच्या टपरीमागच्या भिंतीवर. मीपण गेली बरीच वर्षं भरतीचंच काम करते आणि सुरुवातीला मी स्वतः अशाच जाहिराती लिहिल्यात, त्यामुळे शहाणपणा शिकवायला नाही लिहीत, फक्त आता कशी लिहिते ते सांगते.

मी त्याला फोन लावला आणि विचारलं, ३० च का? ३१ चा आला तर काय बिघडेल? तो हसला, म्हणाला सगळेच टाकतात हो. मग जरा खोदून विचारलं तर एकेक कारण बाहेर यायला लागलं. पगार १८ ते २० हजारच देणार, त्यात चाळिशीतला माणूस येणार नाही असं त्याला वाटत होतं. जीएसटीची दर महिन्याची दोन रिटर्न, जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि थ्रीबीची २० तारीख, जवळ आली की रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसावं लागतं. टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि एक्सेल पटापट चालवता आलं पाहिजे. आणि शेवटचं कारण जरा आवाज खाली करून सांगितलं, तो स्वतः ३४ चा आहे, वयाने मोठ्या माणसाला "हे परत करा" म्हणायला त्याला अवघड जातं.

आता बघा, पहिली तिन्ही कारणं जाहिरातीत जशीच्या तशी लिहिता येतात आणि एकातही वय नाहीये. पगार आहे, वेळ आहे, कौशल्य आहे. चौथं कारण जाहिरातीत लिहिता येत नाही कारण ते कामाचं नाहीच, ते त्याचं आहे, आणि ते त्यालाच निस्तरायचंय. माझी सगळी पद्धत एवढीच आहे खरं तर, मसुद्यात वय दिसलं की मालकाला "कशासाठी?" विचारत राहायचं, जोपर्यंत हाताला कामाची गोष्ट लागत नाही तोपर्यंत, आणि मग ती गोष्ट लिहायची. काहीच लागलं नाही तर वय नुसतं खोडायचं. त्याजागी काही लिहायची गरज नाही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ कारण हा प्रश्न हमखास येतो, "पण हे बेकायदेशीर आहे का?" आपल्याकडे खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नका असं सांगणारा वेगळा सर्वसाधारण कायदा नाही. घटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे आहे, वय नाही. आणि सरकारी भरतीत तर वयोमर्यादा उघड छापलेली असते, राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३, ती २०१६ मध्ये वाढवून एवढी केली. मला वाटतं आपली सवय तिथूनच आलीय. लहानपणापासून सरकारी जाहिरातीत पद, पात्रता, वयोमर्यादा हे तीन रकाने बघितलेत, मग दुकान काढलं तरी हात आपोआप तिसरा रकाना भरतो. पण तिकडे सेवेचे नियम, पेन्शन, निवृत्तीचं वय असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, तुमच्या चार माणसांच्या ऑफिसात असलं काय आहे?

पण पुण्यात एक मोठा गट असा आहे ज्याला "आपल्याकडे कायदा नाही" म्हणून चालत नाही. बाणेर, खराडी, विमाननगर इथे रात्रपाळीत बसून अमेरिकेतल्या जागांसाठी भरती करणारी मुलंमुली आहेत, यूएस रिक्रूटमेंट म्हणतात त्याला. जाहिरात लिहिली जाते खराडीत पण नोकरी असते टेक्सासमध्ये, म्हणजे नियम तिकडचे. अमेरिकेत १९६७ चा कायदा आहे, २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू, आणि ४० व त्यापुढच्या वयाच्या लोकांना संरक्षण देतो. त्यात जाहिरातीचा वेगळा उल्लेख आहे आणि तो फक्त कंपनीला नाही, भरती करून देणाऱ्या एजन्सीलाही लागतो. त्याखालच्या नियमांत तर चक्क शब्दांची उदाहरणं दिलीत, "वय २५ ते ३५" चालणार नाही, "तरुण" चालणार नाही, "कॉलेज विद्यार्थी", "नुकताच पदवीधर", "बॉय", "गर्ल" असलं काही चालणार नाही. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे आणि तो आणखी पुढचा, तिथे कुठल्याच वयाची अट नाही, म्हणजे "अजून लहान आहेस" म्हणून नाकारलेला २२ वर्षांचा मुलगाही तक्रार करू शकतो. युरोपियन युनियनचाही वयावरून भेदभाव नको सांगणारा निर्देश आहे, २००० सालचा. त्यामुळे क्लायंट बाहेरचा असेल तर त्याच्याकडून आलेली जॉब डिस्क्रिप्शन (जेडी, म्हणजे कामाचं वर्णन) आपल्या भाषेत "सुधारताना" जपून, मूळ जेडीमध्ये नसलेलं "यंग अँड डायनॅमिक" इकडून घुसतं आणि मग रात्री दोनला कॉल येतो.

आता काही ठिकाणी वय खरंच लागतं, तिथे लाजायचं कारण नाही, फक्त आकडा कायद्यातला असला पाहिजे, मनातला नको. मोजके अपवाद सोडले तर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही आणि १४ ते १८ मधल्यांना धोकादायक कामावर नाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा हे सांगतो. त्यामुळे भोसरीतल्या प्रेसशॉपने, म्हणजे पत्रा दाबायची यंत्रं असलेल्या कारखान्याने, "वय १८ पूर्ण" लिहिलं तर बरोबरच आहे. टेम्पो, ट्रक, टॅक्सी असं ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला मोटार वाहन कायद्यात किमान २० वर्षं लागतात, तेही लिहा. एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड असेल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. सोसायटीच्या गेटसाठी "वॉचमन पाहिजे, वय ४० पर्यंत" लिहिणाऱ्या एजन्सीवाल्यांनो, कायदा तुम्हाला ६५ देतोय, तुम्ही २५ वर्षं कुठे टाकून दिली? असा आकडा लिहिताना शेजारी कारण लिहायचं, "कायद्यानुसार" एवढा एक शब्द पुरतो, वाचणाऱ्याला कळतं की ही मालकाची लहर नाहीये.

आकडा खोडणं सोपं आहे हो, खरी गंमत शब्दांत आहे. आकडा काढला तरी जाहिरात वय बोलतच राहते. "तरुण", "उमदा", "होतकरू", "सळसळता उत्साह", "यंग टीम", "कॉलेजसारखं वातावरण", "डिजिटल नेटिव्ह". मला स्वतःला ३८ व्या वर्षी, मुलीसाठी घेतलेल्या गॅपनंतर, एका ऑफिसात गोड हसून सांगितलं होतं की "आमची टीम खूप यंग आहे, तुम्हाला बोअर होईल." मी बोअर होणार की नाही हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं! तेव्हापासून तो शब्द मसुद्यात दिसला की माझा पेन आपोआप चालतो. "उत्साही" ला माझी हरकत नाही पण त्याने कळत काहीच नाही. उत्साह म्हणजे नेमकं काय हवंय, दिवसाला ४० फोन करायचेत? मग "रोज साधारण ४० फोन" लिहा. फिरायचंय? मग "आठवड्यातले चार दिवस चाकण, तळेगाव भागात क्लायंटकडे जाणे, पेट्रोल कंपनीचं" लिहा. साठीचा माणूस ते वाचून स्वतःच ठरवेल जमेल का ते, आणि पंचविशीतला पण ठरवेल, जो तुमच्या "उत्साही" शब्दाला भुलून येतो आणि तिसऱ्या दिवशी चाकणचा ट्रॅफिक बघून गायब होतो.

मराठीतला सगळ्यात अवघड शब्द "मुलगा" आणि "मुली". "दुकानात काम करण्यास मुलगा पाहिजे." लक्ष्मी रोडवर काउंटरमागे ५५ वर्षांचे काका उभे असतात तरी शेठ गिऱ्हाइकाला "आमचा मुलगा दाखवेल" म्हणतो, म्हणजे बोलण्यात त्या शब्दाला वय राहिलेलंच नाही. पण छापल्यावर राहतं. वाचणारी ४५ वर्षांची बाई, जिने वीस वर्षं साड्या विकल्यात, ती "मुली पाहिजेत" वाचून पुढे जाते, एका शब्दात दोनदा दार बंद, वयाचं आणि बाईपुरुषाचं. याला उपाय म्हणजे माणसाचं नाव काढून कामाचं नाव घालायचं. विक्री सहायक, काउंटर मदतनीस, पॅकिंगसाठी कामगार, साडी दाखवण्यासाठी अनुभवी सेल्समन किंवा सेल्सवुमन. आणि "नेमणे आहे" ही जुन्या पेपरी जाहिरातीतली सुरुवात मला फार आवडते, त्यात मुलगा, मुलगी, तरुण कुणीच येत नाही, थेट पदावर येतं वाक्य.

उलट बाजूपण आहे. कोथरूड, सहकारनगरकडच्या सोसायट्यांची जाहिरात असते "ऑफिस मॅनेजर पाहिजे, निवृत्त बँक अधिकारीच अर्ज करावा". हेतू चांगला वाटतो, पण बरेचदा आत गणित असं असतं की यांना पेन्शन आहे तर कमी पगारात येतील. इथे मी एकच अक्षर बदलते. "निवृत्तच" ऐवजी "निवृत्तांनीही अर्ज करावा". "च" दार लावतो, "ही" दार उघडतो. तसंच "करिअर ब्रेकनंतर परतणाऱ्यांनीही", "फ्रेशर्सनीही". ज्यांना आपण बोलावलंच नाहीये असं वाटत असतं त्यांच्यासाठी हा "ही" असतो. फक्त बाहेरच्या क्लायंटचं असेल तर लक्षात ठेवा, अमेरिकेचा कायदा वयाने मोठ्यांना झुकतं माप दिलं तर आड येत नाही, ब्रिटनमध्ये मात्र तेही तपासून घ्यावं लागतं.

अनुभवाच्या वर्षांवर जरा थांबू, कारण वय काढायला लावलं की लोक तेच वय मागच्या दाराने इथून आणतात. "अनुभव ३ ते ५ वर्षं." ३ कळलं, तेवढं शिकायला वेळ लागतो. पण ५ कशाला? सहा वर्षं काम केलेल्याला काम कमी येतं का? अमेरिकेत यावरून एक केस गाजली होती. एका कंपनीने वकिलाच्या जागेसाठी जाहिरात दिली, अनुभव ३ ते ७ वर्षं, ७ पेक्षा जास्त नको असं स्पष्ट लिहून. ५८ वर्षांच्या एका अनुभवी वकिलाने अर्ज केला, मुलाखतीलाही बोलावलं नाही, जागा २९ वर्षांच्या माणसाला मिळाली. तो कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये अपील कोर्टात हरला, कारण कायद्यातलं ते विशिष्ट कलम आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी आहे, बाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी नाही असं बहुमताने ठरलं. म्हणजे कंपनी जिंकली, पण एवढी वर्षं वकिलांची फी भरून! त्यापेक्षा "किमान ३ वर्षं" लिहून पुढे पगार लिहिला असता तर विषयच नव्हता. मी तर हल्ली वर्षंपण कमी करत आणते. "किमान ३ वर्षं टॅली" पेक्षा "बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवणं) स्वतः केलेलं आणि जीएसटी रिटर्न स्वतः भरलेले असावेत" हे जास्त कामाचं आहे, कारण तीन वर्षं नुसती व्हाउचर एंट्री केलेलेही येतात.

याचाच भाऊ म्हणजे बॅच, म्हणजे कॉलेजातून पास झाल्याचं वर्ष. "फक्त २०२४ आणि २०२५ बॅच", आयटीत तर हे इतकं रूढ झालंय की कुणाला खटकतच नाही. मला समजतं की ट्रेनिंगची बॅच भरायची असते. पण मग "ट्रेनी पद, सहा महिने प्रशिक्षण, सुरुवातीचा पगार अमुक, पूर्वअनुभव आवश्यक नाही" असं लिहा ना. चाळिशीत कोडिंग शिकलेली बाई येऊ दे की त्या टेस्टला, टेस्ट कुणाचं पासिंग ईअर बघत नाही.

आणि पगार. पगार लिहा, पगार लिहा, पगार लिहा. वयाची अट घालणाऱ्या दहा मालकांना विचारलं तर माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त जणांच्या मनात पगारच असतो, "मोठा माणूस जास्त मागेल." मागेल कशाला, आकडा लिहिलेला असेल तर ज्याला परवडेल तोच येईल. मुलं सेटल झाल्यावर घराजवळ, सहाला सुटणारं काम हवंय म्हणून २० हजारात आनंदाने येणारी अनुभवी माणसं पुण्यात खूप आहेत, आणि "पगार योग्यतेनुसार" वाचून ती कधीच येत नाहीत कारण त्यांना वाटतं आपली योग्यता बघून हे घाबरतील. "ओव्हरक्वालिफाइड" हा शब्द तर मला वयाचाच सभ्य पोशाख वाटतो.

अंगमेहनतीच्या कामातही तेच. मार्केटयार्डात गोडाऊनला माणूस हवाय तर "धडधाकट तरुण" नको, "२५ किलोची पोती उचलून रचावी लागतील, ट्रॉली आहे, बहुतेक वेळ उभ्याने काम" असं लिहा. ट्रॉली असेल तर आवर्जून लिहा, फार फरक पडतो. दुचाकी लागणार असेल तर "स्वतःची दुचाकी व लायसन्स". शिफ्टची वेळ लिहा, कंपनीची बस कुठून कुठून सुटते ते लिहा. एवढं स्पष्ट लिहिलं की वय कुणाला आठवतसुद्धा नाही.

मजकूर झाला, पण काम संपत नाही कारण वय तीन ठिकाणी परत डोकावतं. एक म्हणजे गूगल फॉर्म, ज्यात पहिलाच प्रश्न जन्मतारीख, दुसरा फोटो, तिसरा विवाहित की अविवाहित. काढून टाका. जन्मतारीख जॉइनिंगच्या वेळी पीएफसाठी लागतेच, तेव्हा घ्या. आणि हो, ५८ च्या पुढचा माणूस घेतला तर पीएफ कापायचा की नाही असं विचारणारे भेटतात, पीएफ चालू राहतो, फक्त पेन्शनच्या खात्यात भर थांबते आणि मालकाचा हिस्सा सगळा पीएफमध्येच जातो, यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरं ठिकाण फेसबुक. जाहिरात बूस्ट करताना वयाची पट्टी असते, ती आपण सहज १८ ते ३० वर ओढतो आणि मग मजकुरात काहीही लिहिलेलं असो, पन्नाशीतल्या माणसाला ती दिसतच नाही. यावरून अमेरिकेत मोठे दावे झाले आणि मार्च २०१९ मध्ये फेसबुकने तिथल्या नोकरीच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोडवरून निवड करणं बंद करायचं मान्य केलं. तुम्ही इकडे ती पट्टी शेवटपर्यंत ओढून ठेवा, बस.

तर त्या कन्सल्टंटची जाहिरात शेवटी अशी झाली, हवी तर उचला:

"अकाउंटंट नेमणे आहे. नारायण पेठ. टॅली व एक्सेलवर रोजचं काम, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेले असावेत. वेळ १० ते ६.३०, महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आधी दोन दोन दिवस रात्री ९ पर्यंत, त्याचा वेगळा मोबदला. पगार १८ ते २० हजार. रविवार सुट्टी. ब्रेकनंतर परतणाऱ्यांनी व निवृत्तांनीही अर्ज करावा. फोटो नको. एक छोटी टॅली टेस्ट होईल."

"वेगळा मोबदला" त्याने आधी काढला होता, मी परत घातला, त्यावरून अर्धा तास वाद झाला तो वेगळाच.

आणि तिसरं ठिकाण, जे मला त्याच आठवड्यात कळलं. जाहिरात गेल्यावर सहज म्हणून मी त्या नंबरवर फोन लावला. तिकडून ऑफिसातल्या पोऱ्याने (बघा, मीपण पोऱ्याच म्हणते) उचलला आणि पहिला प्रश्न, "हां बोला मॅडम, वय काय तुमचं?" एवढा सगळा मजकूर धुऊन पुसून घेतला आणि फोन उचलणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग संध्याकाळी जाऊन त्याला एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले, रिटर्न कुठली भरलीत, ११ आणि २० च्या आधी थांबता येईल का, कधीपासून येऊ शकाल. चिठ्ठी फोनशेजारी सेलोटेपने चिकटवलीय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच जणांचे फोन येऊन गेले, त्याने वहीत नाव, नंबर आणि तिन्ही उत्तरं लिहून ठेवलीत, चौघं शनिवारी टेस्टला येतायत, पाचव्याला रात्री थांबणं जमत नाही.